दुकानाला कुलूप कधी लावायचे?

नोकरी करणाऱ्या माणसाला 'कधी सुटता?' असे विचारले तर तो लगेच वेळ सांगतो. मग तो कारखान्यातला कामगार असो, शाळेतला शिक्षक असो की तलाठी कचेरीतला शिपाई असो. हाच प्रश्न कळंब, इंदापूर किंवा बारामतीच्या दुकानदाराला विचारून पाहा. तो हसेल आणि म्हणेल, 'आमचं काय, घरचंच दुकान आहे.' या 'घरचंच दुकान आहे' मध्ये दिवसाचे किती तास जातात, किती नमाजा कजा होतात, किती मुले बापाचे तोंड न बघता झोपी जातात, याचा हिशेब कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. पाव मीटर कापड जास्त गेले तर जीव खालीवर होतो. स्वतःच्या आयुष्याचा तागा मात्र न मोजताच फाडत बसलो आहोत.

आमच्या भागातील धंद्याचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर हा सारा ऊसपट्टा उभा आहे. गळीत सुरू झाले की गावात पैसा फिरतो, उसाचे बिल जमा झाले की कापडवाल्याची उधारी वसूल होते. एका अंगाला भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला शेठ वालचंद हिराचंद यांनी वसवलेले वालचंदनगर. शेतकरी दिवसभर रानात आणि कामगार पाळीवर. दोघांनाही दुकानाची पायरी चढायला सवड मिळते ती दिवे लागल्यावर. तेव्हा संध्याकाळी दुकान उघडे पाहिजे, यात वादच नाही.

त्यातून लगीनसराई आली की बस्ता. ज्यांनी बस्त्याचे दुकान चालवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. दोन्हीकडची मिळून वीस-पंचवीस माणसे यायची. घरून निघतात चार वाजता, वाटेत एका पाहुण्याकडे चहा होतो, आणि दुकानात पाय ठेवतात तेव्हा मगरिबची अजान चाललेली असते. आधी मानपानाच्या साड्या, मग नवरीचा शालू, मग नवरदेवाचे कापड, मग टॉवेल-टोप्या, शेवटी कुणाची तरी मामी रुसते म्हणून तिच्यासाठी पुन्हा गठ्ठे खाली. साडेअकराला बिल होते आणि त्यावर अर्धा तास घासाघीस. पण एक चांगला बस्ता म्हणजे कधी कधी महिन्याची कमाई असते. अशा गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणणारा दुकानदार आम्ही पाहिलेला नाही, आणि तसे म्हणा असा आमचा सल्लाही नाही. प्रश्न त्या पंधरा-वीस रात्रींचा नाही. प्रश्न आहे वर्षातल्या उरलेल्या रात्रींचा, ज्या रात्री एकही बस्ता नसतो, रस्त्यावर कुत्री फिरत असतात आणि तरीही दहा-साडेदहापर्यंत आपण गादीवर बसून असतो. का बसतो? शेजाऱ्याचे शटर वर आहे म्हणून. आणि शेजारी का बसला आहे? आपले शटर वर आहे म्हणून. विक्री दोघांचीही नाही.

आता थोडे आकडे मांडू. सकाळी आठ ते रात्री दहा म्हणजे चौदा तास. आठवड्याचे ९८ तास, महिन्याचे ४२०. समजा, सगळा खर्च वजा जाता एखाद्या लहान दुकानदाराच्या हाती महिन्याला १८,९०० रुपये राहतात. म्हणजे तासाला ४५ रुपये पडले. दुपारी जेवणाच्या वेळी बायको दुकानात बसते, शाळा सुटल्यावर मुलगा गठ्ठे लावतो, त्यांचे तास यात धरलेले नाहीत. ते धरले तर तासाचा भाव आणखी खाली येतो. हा भाव आपल्या गावातल्या शेतमजुराच्या रोजाशी ताडून पाहावा. रानातला माणूस ठरलेल्या वेळी विळा ठेवून घरी जातो. आपण मालक म्हणवतो आणि त्याच्यापेक्षा कमी भावाने स्वतःला राबवतो.

व्यापारी बंधूंना आमचे सांगणे इतकेच की एक महिना एक प्रयोग करावा. रोज रात्री साडेआठला गल्ला मोजून वहीत लिहावा, आणि कुलूप लावताना पुन्हा मोजावा. मधल्या दीड तासात जी विक्री झाली, त्यातला नफा एका बाजूला लिहावा आणि दिव्याचे बिल, पोऱ्याचा पगार, चहापाणी दुसऱ्या बाजूला. त्यातही एक गोष्ट निराळी लिहावी. नऊ वाजता जे गिऱ्हाईक आले ते साडेसातला आले नसते का? गिऱ्हाइकाला आपण जी सवय लावतो ती लागते. दुकान दहापर्यंत उघडे असते हे ठाऊक असल्यामुळे तो जेवून, तंबाखू मळत, सावकाश येतो.

सरकारी कायद्याने या बाबतीत नोकराला थोडेफार संरक्षण दिले आहे. त्यामागे मोठी चळवळ आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली गिरणी मालकांकडून आठवड्याच्या सुट्टीची मागणी मान्य करून घेतली. त्याआधी गिरणीतल्या माणसाला हक्काची रविवारची सुट्टी नव्हती. पुढे १९४८ साली कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. त्याच साली मुंबई दुकाने व आस्थापना कायदा आला. जिथे तो लागू होता तिथे आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावेच लागे, आणि उघडण्याच्या व बंद करण्याच्या वेळाही ठरवून दिलेल्या असत. दुकानदारांनी त्या कायद्याला खूप नावे ठेवली, इन्स्पेक्टरलाही ठेवली. पण खरे सांगायचे तर त्या एका सक्तीच्या बंदमुळे मालकही आठवड्यातून एकदा घरी जेवत होता. २०१७ च्या नव्या महाराष्ट्र कायद्याने ही सक्ती काढून टाकली. दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडे ठेवायला मुभा मिळाली. कामगाराची आठवड्याची सुट्टी राहिली, मालकाची गेली. यात सरकारला दोष देण्यात अर्थ नाही. कायदा नोकराचे तास मोजतो. मालकाचे तास मोजणारा कुणी हाकीम या जमिनीवर नाही.

दीनने मात्र ते मोजले आहेत. आपण जुम्याच्या खुत्ब्यात वर्षानुवर्षे ऐकतो आणि बाहेर येऊन विसरतो. सूरह अल-जुमुआमध्ये जुम्याच्या नमाजची हाक झाली की खरेदी-विक्री सोडण्याचा आदेश आहे, आणि लगेच पुढच्या आयतीत नमाज संपल्यावर जमिनीवर पांगून रोजी शोधण्याची मोकळीक आहे. या सूरहच्या शेवटच्या आयतीमागची घटना व्यापाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) मस्जिदीत असताना मदीनेत मालाचा काफिला आला आणि लोक उठून तिकडे धावले. बुखारी शरीफमध्ये येते की फक्त बारा माणसे मागे राहिली. ते दिवस टंचाईचे होते, धान्याची गरज खरी होती. तरीही समज दिली गेली. आजचा काफिला मदीनेच्या वेशीवर येत नाही, तो खिशातल्या मोबाईलमध्ये येतो, एवढाच फरक.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आपल्यात याबद्दल गैरसमज आहे. इस्लामने शुक्रवार हा दिवसभर काम बंद ठेवण्याचा दिवस केलेला नाही. बंदी आहे ती नमाजच्या वेळेपुरती. हनफी फिकहप्रमाणे पहिल्या अजाननंतर सौदा करणे मकरूह तहरीमी आहे, आणि नमाज झाली की दुकान उघडायला पूर्ण परवानगी. तेव्हा जो शुक्रवारी दिवसभर बंद ठेवतो त्याने ते आपल्या सोयीने ठेवावे, पण जो नमाजनंतर उघडतो त्याला हिणवू नये. उलट जो 'एका मिनिटात आलो' म्हणत दुसरी रकात गाठतो, त्याला मात्र प्रेमाने बोलले पाहिजे.

आपल्या इमामांपैकी इमाम अबू हनीफा (रह.) हे तर आमच्याच धंद्यातले. कूफा शहरात त्यांचा रेशमी कापडाचा व्यापार होता. त्यांच्या चरित्रात त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन आले आहे. सूर्य वर आल्यापासून जोहरपर्यंत ते बाजारात बसत, बाकीचा वेळ इल्मसाठी. आणि शनिवारचा दिवस त्यांनी घरच्या व जमीनजुमल्याच्या कामासाठी राखून ठेवला होता. त्या दिवशी ते ना दर्सच्या मजलिसीत येत, ना बाजारात. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला अर्ध्या दिवसाचे दुकान पुरले. कुणी म्हणेल, त्यांना भागीदार होते, त्यांचे भांडवल मोठे होते. खरे आहे. पण वेळ आधी ठरवला आणि धंदा त्यात बसवला, हे तर भांडवलाशिवायही करता येते.

सखर गामिदी (रजि.) नावाच्या सहाबींची हकीकत तिरमिजी व अबू दाऊद या ग्रंथांत आहे. पैगंबर साहेबांनी उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकत मागितली, असे ते सांगत. ते स्वतः व्यापारी होते, आपला माल दिवसाच्या सुरुवातीलाच रवाना करत, आणि त्यांची भरभराट झाली. आमच्या बाजारपेठेत सकाळचे चित्र काय आहे? रात्री बाराला झोपलेला दुकानदार फजर गमावतो, आठ-नऊला डोळे चोळत शटर उचलतो, आणि तोवर गावाहून पहिल्या एस.टी.ने आलेले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात बसलेले असते. रात्रीचा तो रिकामा दीड तास विकत घेण्यासाठी आपण सकाळचा भरलेला तास विकतो. इशानंतर गप्पा मारत बसणे पैगंबर साहेबांना पसंत नव्हते. पान खात फळीवर बसून राजकारण बोलणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

नाशिक जिल्ह्यातले मालेगाव (आमच्या बारामतीजवळचे माळेगाव नव्हे) आम्हा कापडवाल्यांना चांगले परिचयाचे आहे. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी तिथला धंदा वाढवला, पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले. तिथे शुक्रवारी मागांची खडखड थांबते. गावात एकदम शांतता होते, रस्त्यावर धुतलेले कपडे घातलेली माणसे दिसतात, पोरे सिनेमाला जातात. एका मालकाने बंद ठेवायचे आणि दुसऱ्याने चालू ठेवून त्याचे गिऱ्हाईक पळवायचे, असा प्रकार तिथे चालत नाही. सगळे थांबतात म्हणून थांबणे परवडते. पण मालेगावचे कौतुक करताना दुसरी बाजू झाकता येत नाही. उरलेल्या दिवशी तिथल्या कामगाराची पाळी बारा-बारा तासांची असते, आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर. म्हणजे थांबला की बुडाला. आठवड्याला एक दिवस सुटका आणि सहा दिवस अंगमोड, याला वेळेची शिस्त म्हणता येणार नाही. भिवंडीतही पाळीची तीच तऱ्हा आहे.

कारागिरांचा प्रश्न दुकानदारांपेक्षा अवघड आहे. शिलाईकाम करणारा, गाद्या भरणारा पिंजारी, वेल्डिंगवाला, फर्निचरवाला, यांना काम असते तेव्हा ढीग असतो आणि नसते तेव्हा हात रिकामे. त्यामुळे आलेले काम सोडवत नाही. सर्वांत वाईट हाल टेलर मास्तरांचे, आणि तेही रमजानमध्ये. शबे-बरातपासून कापड यायला लागते. 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. दहा रोजे झाले तरी घेतात, वीस झाले तरी घेतात, ओळखीचा म्हणून सत्ताविसाव्यालाही घेतात. मग तरावीह सुटते, शेवटच्या दहा रात्री मशीनवर जातात, सहरी उभ्याने होते. चांदरातीला दुकानासमोर गर्दी, आरडाओरडा, कुणाचा पायजमा आखूड, कुणाच्या कुर्त्याला काज नाही. ज्या महिन्यात सबर शिकायचा त्याच महिन्यात सर्वांत जास्त भांडणे टेलरच्या दुकानात होतात. आणि ईदच्या सकाळी मास्तर स्वतः जुन्या कपड्यात, डोळे लाल, नमाजला शेवटच्या सफमध्ये.

मोठ्या शहरांतले नावाजलेले टेलर अर्धा रमजान व्हायच्या आत 'ऑर्डर बंद' अशी पाटी लावतात. त्यांचे नाव त्यामुळे कमी झाले नाही, उलट पुढच्या वर्षी लोक लवकर येतात. लहान गावातल्या मास्तरांना हे जमणार नाही असे म्हणतात. का जमू नये? एका माणसाच्या हाताने दिवसाला किती नग निघतात हे मास्तरला तोंडपाठ असते. दिवसाला चार नग निघत असतील तर वीस दिवसांचे ऐंशी झाले. एक्याऐंशिवे कापड घेताना तो गिऱ्हाइकाला खोटा वायदा करतो आहे. आणि वायद्याबद्दल दीनचा हुकूम काय आहे तो मास्तरला आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. तेव्हा वेळेची मर्यादा हा फक्त आरामाचा प्रश्न नाही, तो जबानीचा प्रश्न आहे.

याहून दुर्लक्षित आहेत त्या आपल्या घरातल्या भगिनी. पिको-फॉल, ब्लाऊज, शाळेचे गणवेश, गोधड्या, हे काम आता घराघरांत चालते. मशीन स्वयंपाकघराच्या दाराशी असते. या दुकानाला शटरच नाही, तर बंद काय करणार? दुपारी दोनला शेजारीण येते, रात्री नऊला दुसरी येते, 'भाभी, एवढा फॉल लावून द्या, सकाळी लग्नाला जायचंय.' पैसेही 'मग देते'. घरातला पुरुष याला काम समजत नाही, त्यामुळे तिच्या विश्रांतीचा विचारही करत नाही. आमचे मत असे की अशा प्रत्येक घराने कपडे घेण्या-देण्याची एक वेळ ठरवून दारावर लिहून ठेवावी. जोहर ते असर म्हणा, सोयीची असेल ती म्हणा. आणि हे सांगण्याचे काम घरातल्या पुरुषाने करावे, कारण शेजारणीला 'नाही' म्हणण्याचा वाईटपणा भाभीच्या वाट्याला येऊ नये.

मोबाईलने तर दुकान उशाशी आणून ठेवले. आता रात्री अकराला साडीचा फोटो मागतात, 'हाच रंग आहे का?' विचारतात, निळ्या दोन खुणा दिसल्या की उत्तराची वाट पाहतात. घाऊक व्यापाऱ्याचा तगादाही त्याच वाटेने येतो. पूर्वी वसुलीचे पत्र पोस्टाने येई, ते रात्री कधी आले नाही. या यंत्राला शिव्या देऊन उपयोग नाही, त्यावर धंदा मिळतो हेही खरे. पण फजरनंतर अर्धा तास सगळ्यांना एकदम उत्तरे द्यावीत, रात्री देऊ नयेत. गिऱ्हाईक चार दिवसांत शिकते. सकाळी डोके ताजे असल्यामुळे भावही चुकीचा लिहिला जात नाही.

तब्येतीबद्दलही दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यात आढळले. आपले तास वर मोजलेच आहेत, ९८. पक्षाघाताने अंथरूण धरलेला दुकानदार म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना टक्केवारीची गरज नाही. दुकान महिनाभर बंद पडते, उधारी बुडते आणि पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव शाळेतून निघून गादीवर येते.

दुकानात काम करणारा पोऱ्या हाही विसरता कामा नये. मालक स्वतः साडेदहापर्यंत बसतो म्हणून त्यालाही बसवतो, आणि 'मी नाही का बसत?' असे वर विचारतो. मालकाला नफा आहे, त्याला ठरलेला पगार आहे. आपल्या हाताखालच्यांवर झेपणार नाही एवढा बोजा टाकू नका आणि टाकलाच तर त्यांना मदत करा, ही पैगंबर साहेबांची शिकवण त्याच्यासाठीच आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. लोक म्हणतात, आपण थोडे आहोत, आजूबाजूला गुजर, मारवाडी, मराठा, लिंगायत सगळ्यांची दुकाने आहेत, आपण एकट्याने लवकर बंद केले तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच हे एकट्याने करण्याचे काम नाही आणि फक्त मुसलमानांचेही नाही. जैन व्यापारी बंधूंकडे पाहा. त्यांच्यात पुष्कळजण सूर्यास्तापूर्वी जेवतात. ऐन गर्दीच्या वेळी ते गादीवरून उठून घरी जाऊन येतात. त्यांचे गिऱ्हाईक तुटल्याचे आम्ही ऐकले नाही. धर्माच्या नियमासाठी वेळ काढणारा व्यापारी आपल्या शेजारीच बसलेला आहे, आणि त्यालाही रात्री दहापर्यंत बसायची हौस नाही. विचारले तर तोही हेच म्हणेल, 'तुम्ही बंद करा, मग आम्ही करतो.' मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर दुकानांच्या वेळा सरकारने ठरवल्या होत्या, तेव्हा गिऱ्हाईक त्या वेळेत येतच होते. ऑनलाइन खरेदीवाले चोवीस तास उघडे असतात हेही खरे. पण त्यांच्याशी जागरणाच्या शर्यतीत आपण जिंकणार नाही. कापड हातात घेऊन दाखवणे, तीन महिन्यांची उधारी सांभाळणे आणि मामीचा रुसवा काढणे, ही आपली मिळकत आहे, आणि ती जागे डोके असलेल्या माणसालाच जमते.

तेव्हा कळंब आणि आसपासच्या कापड दुकानदारांनी, टेलर मास्तरांनी, मनियार, बागवान, आतार बंधूंनी आपल्या इतर व्यापारी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन लगीनसराई सुरू व्हायच्या आत एकदा बसावे. बैठक मस्जिदीत नको, एखाद्या दुकानात घ्यावी, म्हणजे सगळ्यांना येता येईल. रात्री साडेआठ ही वेळ आम्हाला योग्य वाटते. पाळीवरून सुटलेला कामगार त्याच्या आत येऊन जातो, आणि इशाची जमाअत मागेपुढे होत असली तरी साधारण साधते. आठवड्याची सुट्टी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ठेवावी, कारण त्या दिवशी गावात पैसाही नसतो आणि गिऱ्हाईकही. उन्हाळ्यात व दिवाळी-ईदच्या आधी पंधरा दिवस सूट असू द्या. पहिले तीन महिने चाचणी म्हणून करावे आणि ज्याच्या वहीत खरोखर तोटा दिसेल त्याने ती वही बैठकीत आणून दाखवावी.

आणि बस्ता? बस्त्याची माणसे आधी फोन करतातच. तेव्हाच त्यांना सांगावे की सकाळी अकराला या, दुपारचे जेवण आमच्याकडे. पंचवीस माणसांचे जेवण रात्रीच्या तीन वेळच्या चहा-नाश्त्यापेक्षा फार महाग पडत नाही, आणि दिवसाच्या उजेडात शालूचा रंग नीट दिसल्यामुळे दुसऱ्या दिवशी बदलून मागायला कुणी येत नाही.